कैफियत एका खिळ्याची आणि बिनहवेच्या टायराची

साहेबांच्या मर्जीची धास्ती धरून, परंतु खोटे लिहिल्यास कलमास कीड लागेल हेही जाणून, जे घडले ते घडल्या क्रमाने लिहितो, ऐसीजे. साहेब म्हणजे तिसऱ्या मजल्याचे खावंद, कचेरीत हुकमतीखाली सात माणसे आणि घरी कोणीच नाही, ऐसे बलाढ्य पुरुष. त्यांनी गतवर्षी नवी मोटार खरीद केली. तिचे चारी टायर रन-फ्लॅट जातीचे, म्हणजे बाजू ऐशा टणक की हवा पार गेली तरी गाडी ऐंशी किलोमीटर मजल मारील, आणि म्हणोन डिकीत स्टेपनी नाही. बाईसाहेबांनी खरेदीसमयीच अर्ज गुदरला होता की, "स्टेपनी नसलेली गाडी नको हो. अडलं की कोण येणारे?" अर्ज नामंजूर जाहला. इतकेच नव्हे, तर सासरची मंडळी जेवावयास बसली असता साहेबांनी वाटीवर चमचा वाजवून जाहीर केले की, या गाडीस टायरापायी एक दिवस जरी घरी बसावे लागले, तर मी मुकाट्याने बायकोच्या डबड्यातून फिरेन. डबडे म्हणजे बाईसाहेबांची बारा वर्षांची छोटी गाडी. दारावर ओरखडे, आरसा चिकटपट्टीने बांधलेला, परंतु डिकीत स्टेपनी. हा शब्द सासूबाईंनी ऐकिला आणि पदरी बांधून ठेविला.

मग शुक्रवारी सकाळी आठास सासूबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन मुक्रर जाहले, आणि त्यांस इस्पितळी पोहोचविण्याचा विडा साहेबांनी आपण होऊन उचलिला, आणि बुधवारी सकाळी स्वारी कचेरीस निघावी तो गाडीतला, टायराची हवा उतरल्याचा पिवळा दिवा लागला. मागल्या उजव्या टायरात खिळा निघाला. खिळा इंचभर, चपट्या डोक्याचा, टायराच्या ऐन मध्यावर मोर्चा लावून बसलेला. कोणी पाठविला, याचा पत्ता आजतागाईत नाही.

कोपऱ्यावर पंक्चरवाले काका एकाच लाकडी खोक्यावर तीस वर्षे ठाणे देऊन आहेत. ते आले, वाकले, टायरास कान लाविला आणि म्हणाले, "साहेब, आता गाडी हलवू नका. इथंच जॅक लावतो. उतरवून आतून बघू, आतून पॅच बसेल. अर्ध्या तासाचं काम आहे."

साहेब हसले. "काका, हा तुमचा साधा टायर नाही. हा हवा नसताना ऐंशी किलोमीटर चालतो."

"चालतो म्हणून चालवलाच पाहिजे असं कुठंय?"

हे उत्तर साहेबांस उद्धट वाटले. ज्यापाशी संगणक नाही, गारवा नाही, बसावयास खुर्ची नाही, त्याच्या सल्ल्याने मोहीम कैसी चालवावी? बाईसाहेब खिडकीतून म्हणाल्या, "अहो, ते सांगतायत तर करू द्या ना!" तोही अर्ज नामंजूर जाहला. मग रन-फ्लॅट टायर दुरुस्त होतो की बदलावा लागतो, या कूट प्रश्नी जाणत्यांची मसलत घ्यावी ऐसे ठरले. फोन खिशात होता. परंतु मोठ्या मसलती समोरासमोर होतात ऐसे बोलून साहेबांनी कचेरीस रजा कळविली आणि कूच केले.

पहिला मुक्काम मेव्हण्याकडे, अंतर एकोणीस किलोमीटर. मेव्हणा सर्व विषयांचा पंडित, त्याने सोफ्यावरून न उठता फर्माविले, "बिनधास्त दुरुस्त करा, दाजी. मी व्हिडिओ बघितलाय." टायर पाहावयास खाली यावे, ऐसे कोणी सुचविले नाही. मग शोरूमवर चाल केली, चोवीस किलोमीटर. तेथे गळ्यात टाय बांधिलेले सल्लागार काचेच्या दालनी बसले होते. त्यांनी कॉफी दिधली, पडद्यावर बोट फिरविले, आणि गाडी दारात उभी असता तिजकडे दृष्टी न टाकिता वदले, "आमच्या पॉलिसीत रिपेअर नाही, सर. बदलायचा." मग या वचनाचा निवाडा करावा म्हणोन साहेब आडवाटेने फिरून मेव्हण्याकडे, सतरा किलोमीटर. तोवर मेव्हण्याने दुसरा व्हिडिओ पाहिला होता. तो म्हणाला, "बदलाच दाजी. रिस्क कशाला? आपली आई बसणारे त्यात." आई त्याचीच, परंतु शुक्रवारी त्यास मीटिंग होती.

या समयी साहेबांस विचार पडला. बदलणे आले तर टायर मिळेतो गाडी घरी, आणि गाडी घरी तर भर पंक्तीतला शब्द गेला. सबब दुरुस्तीचाच हट्ट धरून अकरा किलोमीटरांवरील टायर-दुरुस्तीच्या मोठ्या कारखान्यावर अखेरचा हल्ला केला. तेथील मिस्त्री हाताला ग्रीस, तोंडाने मितभाषी. त्यांनी टायर उतरविला, आत हात घातिला, आणि मूठ उघडिली तो काळी पूड! आतील बाजूंस सुरकुत्या पडून रबराचा भुगा जाहला होता.

"खिळ्यानं काहीच केलेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "किती चालवली अशी?"

"एकाहत्तर. अजून नऊ शिल्लक आहेत!"

"ते घरी पोचायला असतात, साहेब. फिरायला नव्हे."

"पण रन-फ्लॅट दुरुस्त होतो की नाही?"

"कंपनीकंपनीवर आहे. काही नाहीच म्हणतात. पण खिळा बारका असेल, मधोमध असेल, आणि बिनहवेची गाडी पळवली नसेल, तर आतून तपासून आम्ही करतो. तुमचा सकाळी झाला असता. आता बदला."

ऐसे वर्तमान. ज्यांनी टायर पाहिला त्यांचे ऐकिले नाही, आणि ज्यांचे ऐकिले त्यांनी टायर पाहिला नाही. त्या मापाचा टायर कारखान्यात नव्हता. सोमवारी येईल ऐसे कळले. गाडी तेथेच तीन पायांवर नजरकैदेत राहिली, आणि स्वारी रिक्षाने माघारी आली, यास साहेबांनी 'डावपेचाची माघार' ऐसे नाव दिधले.

मग शुक्रवारी सकाळी सातास डबडे सिद्ध जाहले. बाईसाहेब चक्रधर, पुढील आसनी सासूबाई, आणि मागे गुडघे हनुवटीस लावून साहेब, मांडीवर इस्पितळाची फाइल. अर्धी वाट सरली. मग सासूबाई मान न वळविता म्हणाल्या, "जावईबापू, हिच्यात हवा आहे ना?" बाईसाहेबांस हसू आवरेना, गाडी क्षणभर डुगडुगली. तथापि आठास दहा कमी असता सर्व मंडळी इस्पितळी रुजू जाहली, आणि ऑपरेशन सुखरूप पार पडले.

सोमवारी नवा टायर चढला. त्याच दिवशी साहेबांनी पाचवा टायरही आणविला आणि डिकीत ठेविला; तेणेकरून डिकीत आता पिशवीही मावत नाही. त्यास कोणी स्टेपनी म्हणू नये, राखीव फौज म्हणावे, ऐसी सक्त ताकीद आहे. येणेप्रमाणे सहा दिवसांच्या झुंजीअंती खिळा नामोहरम जाहला, टायराचा प्रश्न कायमचा निकालात निघाला, आणि साहेबांची फत्ते जाहली. हे दप्तरी नोंदविले असे.

विजयी स्वारी कोपऱ्यावर आली तेव्हा काकांनी खोक्यावरून विचारिले, "झालं का काम, साहेब?"

"झालं. बदलला."

"अरेरे. अर्ध्या तासाचं होतं."

हे शेवटले बोलणे गाळावे ऐसा साहेबांचा हुकूम आहे. परंतु सासूबाईंस आता लख्ख दिसते, आणि त्या सारा कागद स्वतः वाचून पाहणार आहेत. सबब गाळिता आले नाही.