रेफर्डचा पहिला घोट

"आमचं पाणी तुमच्या विहिरीपेक्षा चोख आहे!" हे रेफर्ड टिडमोर चर्चमध्ये सांगायचा, न्हाव्याकडे सांगायचा, सासऱ्याच्या दफनालाही सांगून मोकळा झाला होता! हंट्सविलच्या प्रयोगशाळेत त्याने अंतराळवीरांच्या लघवीचं पाणी करणारं यंत्र बनवलं होतं. यंत्राला खुराक हवा, म्हणून अख्खं ऑफिस रोज सकाळी बाटल्या भरून द्यायचं. दारावरच्या देणाऱ्यांच्या यादीत रेफर्ड तीन वर्षं पहिला. दानशूर कर्णच! मात्र यंत्रातून निघालेलं पाणी त्याने कधी जिभेला लावलं नव्हतं. किळस हो, दुसरं काय!

आज तपासणीला कर्नल हॅस्क्यूबाई आल्या होत्या. यंत्र अंतराळात जाणार की भंगारात, हे त्यांच्या हाती. आणि पहिला घोट रेफर्डने घ्यायचा! पठ्ठ्याने काय करावं? यंत्राचं पाणी गुपचूप मोरीत ओतलं आणि काचेच्या भांड्यात दुकानातलं झऱ्याचं पाणी भरून ठेवलं.

"बघा हं मॅडम," म्हणत त्याने त्यातून पेला भरून उचलला.

"थांब रे राजा!" एर्लीनबाई ओरडल्या. पाणी तपासण्यात त्यांचे केस पिकले होते. "मीटर बुडवल्याशिवाय इथे कुणी पाणी पितं का?"

नियमच होता तो. पण जो कधी प्यायलाच नाही, त्याच्या तो लक्षात राहणार कसा!

मीटर बुडला आणि बाईंचा चेहरा उतरला. "क्षार पाचच्या आत हवेत. हे तर एकशे ऐंशी!"

"यंत्र नापास," कर्नलबाईंनी पेन काढलं.

"नाही हो! यंत्राचा काही दोष नाही!" रेफर्ड रडकुंडीला आला.

"मग कुणाचा?"

"झऱ्याचा."

"कुठला झरा?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातला..."

एर्लीनबाईंचं पित्त खवळलं. "मेल्या! आम्ही तीन वर्षं मुकाट्याने पितोय, आणि तू नुसता देतोस होय?"

त्यांनी थेट यंत्राच्या नळाखाली पेला धरला. मीटर म्हणाला, दोन! रेफर्डने डोळे मिटले, नाक दाबलं आणि पेला घशात रिकामा केला.

"कसलीच चव नाही!" तो तक्रारीच्या सुरात म्हणाला.

कर्नलबाई एक पेला प्यायल्या, दुसरा मागून घेतला आणि तिथेच अहवाल लिहिला: "यंत्र उत्तम आहे, अंतराळात पाठवावं. बनवणाऱ्याला मात्र आधी एकदा त्यातून गाळून घ्यावं!"