किल्लेदारीण रडली कशी?

"वाचूनच दाखवायचं ना? त्यात काय एवढं!" जावयाने छाती फुगवून बायकोला सांगितलं. "रोज हजार माणसांना ऐकवतो मी. तुझ्या बाबांना ऐकवणं म्हणजे आपल्या हातचा मळ!"

बढाई अगदीच पोकळ नव्हती. गृहस्थ बसस्थानकावर निवेदक होता. त्याचा आवाज गोड आणि मन त्याहून मऊ. गाडी रद्द झाली तरी 'रद्द' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. "थोडा विलंब अपेक्षित आहे," असं तो इतक्या मायेने सांगे, की चिडलेले लोकही गुमान जाऊन बाकावर बसत.

सासऱ्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी वाचन बंद केलेलं. दुसऱ्या डोळ्याला अक्षरं म्हणजे नुसती मुंग्यांची रांग! आणि नेमका तेव्हाच 'मिठागडाची गाथा' या अद्भुत कादंबरीचा चौथा भाग बाजारात आला.

सासरे फुटबॉलचे निवृत्त पंच. जन्मभर शिट्टी फुंकून क्षणात निकाल दिलेला माणूस, पण गाथेतल्या किल्लेदारणीबद्दल त्यांचा निकाल होत नव्हता. पहिल्या भागात तिने गडाचा दरवाजा शत्रूला उघडून दिला होता. आत पोरं उपाशी मरत होती, म्हणून. पण त्यातच तिच्यावर विश्वास टाकणारी राणी मारली गेली. मग ही बाई फितूर की आई? यावर सासरे आणि त्यांचे जिवलग दोस्त शिंपीकाका गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी भांडत. शिंपीकाका म्हणत, "फितूर!" सासरे म्हणत, "थांब. पुढचा भाग येऊ दे."

यामागे एक जुनं दुखणं होतं. एका अंतिम सामन्यात त्यांनी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली होती. ती बरोबर होती का, ते त्यांना आजही ठाऊक नव्हतं. गावाने मात्र त्यांना 'विकला गेलेला पंच' म्हणून टाकलं होतं.

तर जावयाने चौथा भाग उघडला. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं, 'किल्लेदारीण खदाखदा हसली. विहिरीत विष ओतताना तिचे डोळे लालभडक झाले होते. ती जन्मापासूनच दुष्ट होती!'

जावई थबकला. तीन भाग जिने जिवाला घोर लावला, तिचं हे असं बुजगावणं? त्याने वर पाहिलं. सासरे डोळ्यावर पट्टी बांधून, खुर्चीच्या कडेवर येऊन, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. शाळेच्या निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे!

त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "किल्लेदारीण... विहिरीच्या काठावर बसून... रडली."

"मला वाटलंच होतं!" सासऱ्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "पुढे वाचा, जावईबापू!"

आता पुढे काय वाचणार, कपाळ? रडणाऱ्या बाईला विष ओतता येईना. मग विष दुसऱ्याच कुणीतरी ओतलं. पोरांनी ते पाणी पिऊ नये म्हणून तिने विहिरीचा दोर कापला. दोराने तिच्या तळहातांवर वळ उठले. एक थाप पचवायला दुसरी, दुसरीला तिसरी! विसाव्या प्रकरणात तर लेखकाने तिला कड्यावरून ढकलून दिलं आणि सगळ्या राज्याला नाचायला लावलं. जावयाने तिला जिवंत ठेवलं. तिथून पुढे सगळाच मामला तोंडी होता. अंदाजाने पान तेवढं उलटायचं.

"अहो, गाडीला उशीर आहे म्हणणं वेगळं," बायको स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली, "आणि भलतीच गाडी फलाटावर लावणं वेगळं! बाबांना कळलं तर?"

"कसं कळेल? पट्टी आहे ना!"

पण कामावर त्याचं चित्त थाऱ्यावर राहीना. एके दुपारी ध्वनिक्षेपकावरून अख्ख्या स्थानकाने ऐकलं, "फलाट क्रमांक तीनवरून किल्लेदारीण सुटण्याच्या तयारीत आहे!" चार उतारू सामान घेऊन धावले. एका आजींनी तर ती वाटेत कुठे कुठे थांबते, याचीही चौकशी केली.

इकडे पट्टी सुटली, पण वाचनाची बंदी कायम होती. तेवढ्यात शिंपीकाकांनी चौथा भाग वाचून संपवला आणि ते तडक घरी आले.

"हरलास! जन्मापासून दुष्ट निघाली बाई!"

"काहीतरीच काय? ती विहिरीवर रडली!"

"रडली? खदाखदा हसली ती! डोळ्यांबरोबर कानही गेले की काय तुझे?"

"खबरदार! आमच्या जावयांनी वाचलंय ते. हा माणूस थाप मारणार नाही!"

शब्दाने शब्द वाढला. "आजपासून तुझी पायरी चढणार नाही!" इथपर्यंत गाडी आली. मग सासऱ्यांनी हाक मारली, "जावईबापू! या इकडे. ते पान वाचा याच्यासमोर!"

जावयाने पुस्तक उघडलं. खांद्यावरून शिंपीकाका पुस्तकात डोकावत होते. दारात बायको उभी होती. समोर सासरे निर्धास्त बसले होते, आणि त्या निर्धास्तपणाचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"किल्लेदारीण..." त्याने ओळीवर बोट ठेवलं. "खदाखदा हसली."

सासरे खुर्चीत मागे टेकले.

"मग विहिरीवर रडली होती, ती कोण?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"ती मी रडवली, बाबा."

"आणि तो दोर? हातावरचे वळ?"

"तेही माझेच. तुम्ही इतक्या आशेने बसला होतात... मला खरं वाचून दाखवणं जमेना."

सासऱ्यांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. आता लाल कार्ड निघतंय, असंच जावयाला वाटलं. पण मध्येच शिंपीकाका बोलले.

"दोर कसला? आमच्या पुस्तकात दोर नाही."

शिंपीकाका खाली बसले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "खरं सांगू? पुस्तक मिटलं तेव्हा मी जिंकलो होतो. पण मजा नाही आली रे. उद्यापासून तुझ्याशी भांडायचं कशावरून, तेच कळेना. तो दोर तिने का कापला, सांगा बघू."

जावयाने भीत भीत सांगितलं. शिंपीकाका उसळले, "म्हणजे गावाचं पाणीच तोडलं! ही फितुरीच!"

"पोरं वाचली ना?" सासरे गरजले.

"अन् म्हातारे तहानेने मेले त्यांचं काय?"

पुढचा तासभर दोघे असे कडाकडा भांडले, की शेजाऱ्यांनी खिडकीतून चौकशी केली. दारात बायकोने पदराने डोळे पुसले. शिंपीकाका गेल्यावर सासऱ्यांनी जावयाला समोर बसवलं.

"आजवर मला वाटायचं, आमचा जावई म्हणजे सरळ रेघ. चांगला आहे, पण त्यात वाचण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "थाप मारलीस, ते वाईट केलंस. कुणासाठी मारलीस, ते चांगलं केलंस. तुझाही निकाल मला देता येत नाही बघ."

जावयाला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही केलं.

पुढच्या तपासणीला जावईच त्यांना घेऊन गेला. डॉक्टर खूश होते. "डोळा झकास झालाय! आजपासून खुशाल वाचा. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची घाई नाही, सहा महिन्यांनी बघू."

"छे छे, पुढच्याच आठवड्यात करून टाका," सासरे म्हणाले. "पाचवा भाग येतोय. आणि डॉक्टर, पट्टी मात्र दोन्ही डोळ्यांना बांधा!"