अण्णांचा काटा आणि काकूंचा पट्टा

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शेजारचे अण्णा माझ्या दारात उभे होते. अंगात सदरा नव्हता. छातीला काळा पट्टा, हातात रिकामा तांब्या.

"पत्रकार, तुमच्या फिल्टरचं पाणी द्या जल्दी. आमच्या बोअरचं जड हाये. पट्टा वला करायचाय."

पट्टा हृदयाचे ठोके मोजण्याचा; आकडा मोबाईलवर दिसतो. तो अण्णांचा नाही, त्यांच्या बायकोचा, काकूंचा. अण्णा आधी स्वतःला लावून बघतात. काकूंना हृदयाचा त्रास झाल्यापासून तीन महिने एकटीने घराबाहेर पडायला बंदी होती. डॉक्टरांनी सांगितलं, दहा दिवस सकाळी चाला, आकडे लिहून आणा. ठोके एकशे दहाच्या आत राहिले, तर मंठ्याच्या आठवडी बाजाराला एकट्या जा. काकूंना तेवढंच हवं होतं.

अण्णांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढली. काट्यावर दोन माणसं लागत, म्हणून पट्ट्यालाही साक्षीदार लागला. तो मी.

पहिल्याच दिवशी वहीत काकूंचे ठोके अठ्ठावीस. मी विचारलं, हे काय?

"भरलं वजा रिकामं," अण्णा म्हणाले. कारखान्यात भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजा करतात. अण्णांनी काकूंच्या चालतानाच्या एकशे चारातून बसल्या जागचे शहात्तर वजा केले होते.

"अण्णा, हा आकडा बघून डॉक्टर अँब्युलन्स धाडतील."

"मी काय उसाचा ट्रक हाये का?" काकू आतून म्हणाल्या.

चौथ्या दिवशी आकडा दोनशे चौदा. अण्णांनी काकूंना रस्त्याच्या कडेला बसवलं आणि येणारी रिक्षा आडवे होऊन थांबवली.

"अवो, मला काय बी होऊन न्हाई राह्यलं!" काकू ओरडत होत्या. चौकशीअंती कळलं, काकूंनी रोजच्या सवयीने अंगाला करडईचं तेल लावलं होतं. पट्टा कातडीला धरत नव्हता.

त्या दिवसापासून तेल बंद. पट्ट्याच्या आतली दोन रबरं ओली करूनच पट्टा बांधायचा. खाली एक बोट जाईल इतकाच ताण. चालून आलं की पुढचं यंत्र सोडवून ठेवायचं, नाहीतर सेल उतरतो. घाम साध्या पाण्याने धुवायचा, पट्टा सावलीत वाळवायचा. हे सगळं अण्णा मला रोज नव्याने सांगत. सातव्या दिवशी काकूंनी पट्टा उन्हात तारेवर टाकला. भांडण पंधरा मिनिटं चाललं.

"तीस वर्षांत माझी साडी कधी सावलीत टाकली न्हाई ह्यांनी," काकू मला म्हणाल्या. माझा चहा गार झाला होता.

दहा दिवसांतला खरा आकडा एकशे सहाच्या वर गेला नाही. डॉक्टरांनी वही पाहिली, बाजाराला परवानगी दिली. पट्ट्याची आता गरज नाही, असंही सांगितलं.

बाजाराच्या दिवशी नऊ वाजता काकू दोन पिशव्या घेऊन निघाल्या. अण्णांनी चपला घातल्या.

"मागं आलात तर बघा," काकू म्हणाल्या. अण्णांनी चपला काढल्या.

दहाच्या सुमारास मी माझ्याकडे राहिलेली वही परत द्यायला गेलो. अण्णा ओट्यावर बसले होते, नजर गल्लीच्या वळणावर. सदऱ्याखाली पट्टा होता.

"पडून राह्यला तर खराब होतो," ते म्हणाले. "वापरात पाह्यजे."

शेजारी मोबाईल होता. त्यावर आकडा ११८. काकू गेल्यापासून ते जागचे हलले नव्हते, असं समोरच्या दुकानदाराने सांगितलं.

मी बसलो. दहा चाळीसला काकू वळणावर दिसल्या. दोन्ही पिशव्या भरलेल्या, एकीतून मेथी बाहेर आलेली. अण्णा उठले नाहीत.

"मेथी बराबर बघून घेतली का?"

"घेतली. सरका बाजूला."

अण्णा सरकले. काकू ओट्यावर टेकल्या. दहा बेचाळीसला मोबाईलवरचा आकडा ८१ होता.