दादाच्या तलवारबाजाचं वीरमरण

मरण लिहावं तर आपणच, याची धाकट्याला खात्री होती. छापखान्यात वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका तपासणाऱ्या माणसाला एवढा गर्व होणारच!

दर रविवारी दुपारी धाकटा, त्याचा थोरला भाऊ दादा आणि त्यांचे दोन मित्र, एक शिंपी, एक दंतवैद्य, असे चौघं टेबलाभोवती गोष्टीचा खेळ खेळत. गोष्ट धाकटा सांगे. बाकीचे एकेक पात्र होऊन तिच्यात वावरत, अडलं की फासा टाकत. नियम दोनच: तोंडातून निघालं ते घडलं, आणि ज्याचं पात्र मेलं त्याने टेबलाला हात लावायचा नाही.

चार महिन्यांपूर्वी दादा गेला. त्याचा खेळातला म्हातारा तलवारबाज मात्र जिवंत होता, कारण वहिनी दादाच्या खुर्चीत बसून त्याला खेळवू लागली. ती घरी अजून दोघांचा स्वयंपाक करते हे कळल्यापासून धाकट्याचा जीव तुटत होता. तलवारबाजाला एकदाचं वीरमरण दिलं की वहिनी सावरेल, असं त्याने ठरवलं. बारा पानं लिहिली आणि स्वतःच रडला.

बेत चोख होता. झुलत्या पुलावरून शिंपी आणि दंतवैद्य यांची पात्रं पळत येणार, मागे शत्रू. अलीकडच्या टोकाला उभा तलवारबाज त्या दोघांना वाट देणार आणि शत्रूला अडवता अडवता पडणार. पण दंतवैद्याला समोरच्याचं तोंड उघडं असताना आपणच बोलायची सवय. दोघे पुलाच्या मध्यावर असतानाच तो म्हणाला, "मी दोर कापतो."

"आपण पुलावर आहोत रे," शिंपी म्हणाला.

आता काय करता! निदान दोघे वाचावेत म्हणून धाकट्याने फाशावर भिस्त ठेवली, तर फाशावर एक, सगळ्यात वाईट दान. शिंपी, दंतवैद्य आणि अख्खी शत्रुसेना दरीत गेली. मरायला उभा केलेला तेवढा ठणठणीत उरला.

"म्हणजे हे एकटेच राहिले?" वहिनीने विचारलं.

धाकट्याने बारा पानं मिटली. आज इथेच थांबू या, असं तो कसंबसं पुटपुटला.

"थांबा भाऊजी. ते हाक मारतायत. 'धाकट्या, आहेस का रे?'"

दादा दारातून अशीच हाक मारायचा. खेळात उरलेल्या सगळ्या जगाच्या वतीने बोलायचं काम धाकट्याचं, आणि बारा पानांत याला उत्तर नव्हतं. आपल्याला वहिनीला सावरायचं नव्हतंच; दादा अजून आहे हे दर रविवारी बघणं आपल्यालाच सोसत नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं.

"आहे, दादा," तो म्हणाला, आणि डोळे पुसू लागला.

दंतवैद्याने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. मेलेल्यांनी टेबलाला हात लावायचा नसतो, पण शिंप्याने हरकत घेतली नाही. तोही मेलेलाच होता.