मोर्णेपार पोचलेली दवंडी

राजेहो, अख्ख्या अकोल्यात माह्यासारखा गळा कोनाचा नायी! मी पुंजाराम टरबुजवाला. बाजारात मी हाळी देली, का मोर्णा नदीच्या त्या काठाले वाळूतली टरबुजाची वाडी राखणारी माही बायको सुभद्रा कान झाकून घेते!

त्या उन्हाळ्यात कापसाले सोन्याचा भाव आलता. गावचा दवंडीवाला डफडं खुंटीले टांगून कापसाच्या गाठी लादाले गेला, अन् नेमका तवाच हैजा, म्हंजे पटकीची साथ आली! तहसीलदारसायबानं मले बोलावलं.

"पुंजाराम, टरबुजाच्या फोडी उघड्यावर मांडतात, माश्या बसतात, लोक खातात आणि मरतात. कापलेलं टरबूज कुणी खाऊ नये, अशी दवंडी दे. संध्याकाळी बाजारात एक जरी फोड दिसली, तर नदीतल्या सगळ्या वाड्या उपटून टाकीन!"

आमचं सारं वरीस त्या वाडीवर! पन सरकारी दवंडी अन् ते बी मी? छाती अशी फुगली, का बंडीची कसणी तुटली!

चौकात डफडं बडवलं, डोळे मिटले अन् सूर लावला. पन सारा जन्म टरबूज इकण्यात गेलेला ना! गळा आपल्याच वळणावर गेला.

"लाऽऽल लाल टरबूऽऽज! थंडगाऽऽर टरबूऽऽज! कापलेलं खाऊ नका होऽऽ!"

डोळे उघडतो त काय, ही गर्दी!

"दे रे एक फोड!" पंजाबराव पाटील म्हनाले.

"पाटील, मनाई हाय! हैजा होते!"

"मंग इतल्या गोडीनं काहून सांगून राहिला बे?"

"तोंडाले पानी आनता अन् वरून मनाई करता, भाऊ?" पार्बताबाई कडाडली.

बाजूच्या टरबुजाच्या दुकानातल्या नत्थुजीनं त फोडी कापाले सुरीच उचलली! माहं डोकंच फिरलं. होता नव्हता तितला गळा फाडून वरडलो, "अरे, टरबूज खाल त मराऽऽल!"

लोक हासले. "वा! काय गळा हाय!"

मंग मीच झेप घेतली अन् नत्थुजीची सुरी हिसकली. "कापाचं नायी! अख्खं इक! घरी न्या, धुवा, कापा, लगेच खा!"

कापसानं सारेच शेठ झालते. एकेकानं अख्खं टरबूज खांद्यावर टाकलं. नत्थुजीचं पाहून बाकीच्या दुकानदाराइनं बी सुऱ्या ठेवून देल्या.

संध्याकाळी सायेब बाजारभर फिरले. फोड नायी, माशी नायी! "शाब्बास, पुंजाराम!" म्हनून त्याइनं सोताच्या हातानं माह्या डोक्यावर पागोटं ठेवलं. साऱ्या वाड्या वाचल्या, राजेहो, माह्या गळ्यानं वाचल्या!

पागोटं सावरत नदी उतरलो. पाहतो त आमच्या वाडीत नुसती वाळू! सुभद्रा फावडं घेऊन घाम पुसत बसलेली.

"अवं, टरबुजं कोठी गेली?"

"पुरली," ती म्हने. "येलासकट. तुमीच त बोंबलले ना, खाल त मराल मनून? मले अक्षर न् अक्षर ऐकू आलं!"

अख्ख्या अकोल्यात माही दवंडी एकाच मानसानं मानली, अन् ते बी लगनापासून माहं काईच न ऐकणाऱ्या बाईनं! पन गळा पोचला मोर्णेपार, हे त मानाल ना?