रंगूनानांचं निदान

आपण मार्क सांगायचे आणि रंगूनानांनी पेपर तपासणाऱ्याचा रोग सांगायचा, हा आमच्या तांबट आळीतला दर उन्हाळ्यातला कार्यक्रम होता.

"भूमितीत सतरा?" नाना डोळे मिटत. "मूळव्याध. माणसाला धड बसवत नाही, तो तुझं प्रमेय शेवटपर्यंत वाचणार कसा? पुढे."

"इतिहासात बावीस."

"पित्त. उपाशीपोटी तपासायला बसलाय. पानिपतापर्यंत येईतो डोकं भणभणलं असणार. पुढे."

"संस्कृतात एकावन्न."

"हा बरा होत आलेला दिसतो."

रंगूनाना मेनरोडवरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. काळी टोपी, बंडीला टिंक्चरचा वास आणि अंगठ्यावर न जाणारा जांभळा डाग. मुंबईहून मॅट्रिकचे मार्क आले, की नापास झालेली पोरं बापाच्या आधी त्यांना गाठत. निदान झालं की नाना "प्रकृतीचा प्रश्न आहे, बाबा!" म्हणून उसासा टाकत आणि पोराला गुलाबी मिक्श्चरचा एक डोस पाजत.

मी एकदा म्हटलं, "नाना, आजारी तो तपासणारा. मग औषध ह्याला का?"

"तो पडला मुंबईत, बाटली नाशकात. कुणीतरी घ्यायला नको?"

एका नापास पोराच्या वकील बापाला हे मुळीच रुचलं नाही. पोराला फैलावर घ्यायचं सोडून भलते लाड करता, म्हणून तो दवाखान्यात भांडायला आला. नानांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, दोन वेळा ढेकर दिलीत. आंबट होती. पेपर तुमच्याकडे गेले असते तर अख्खा वर्ग बुडाला असता."

आता आमच्या घराविषयी. आम्ही जातीचे आणि धंद्याचे तांबट. दादा, म्हणजे माझे वडील, एका भांडीवाल्या शेटजींसाठी रोजावर हंडे ठोकत. आई त्याच भांड्यांना चिंच लावून ती उजळवी. खोली एकच. तिच्या पुढच्या भागात ठोकाठोक, मागच्या भागात चूल. जेवायला भाकरी असे, पण तिच्याबरोबर काय, हे रोज ठरवावं लागे. अभ्यासाला मी गोदावरीच्या, म्हणजे आमच्या नाशिककरांच्या गंगेच्या, घाटावर जाऊन बसे. दिवसभर तांब्यावर हातोडा पडायचा, त्यामुळे आळीतले बहुतेक पुरुष चाळिशीच्या आत ठार बहिरे होत. आमच्या आळीत कोणी कोणाशी बोलत नसे, सगळे ओरडत. परक्या माणसाला वाटे, इथं रोज मारामारी होते.

ह्या पोराच्या हाती हातोडा द्यायचा नाही, हे दादांनी ठरवून टाकलं होतं. मीही वर्गात पहिला नंबर कधी सोडला नव्हता. मॅट्रिकला मी कितवा येणार, एवढाच मास्तरांमध्ये वाद होता. शेटजी मात्र म्हणाले होते, "पास झाला तर शिकव. नाही झाला तर दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कामाला बसव. रिकामं ठेवू नकोस."

निकालाचं वर्तमानपत्र आलं. त्यात माझा नंबर नव्हता. मी वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. माझ्या मागचा होता, पुढचा होता, मधे मी नव्हतो.

घरी आलो तेव्हा आई माहेरी गेलेली होती आणि दादा हंड्याच्या बुडाला ठोके घालत होते. मी त्यांच्या कानाशी वाकलो. ओरडून सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती. जेवढ्या आवाजात जमलं तेवढ्यात म्हटलं, "दादा, मी नापास झालो."

दादांनी हातोडा खाली ठेवला. तोंडभर हसले. "पास? पास झाला!"

"नाही, दादा..."

पण ते उठलेसुद्धा. धोतराचा सोगा सावरत वाण्याकडे गेले आणि परातीत साखर घेऊन आळीत शिरले. "दत्तू पास झाला!" समोरचे म्हातारे तांबट ओरडले, "कितवा?" दादा ओरडले, "तर काय! पहिलाच!" सगळी आळी एकमेकांच्या कानात ओरडू लागली. मी पळत सुटलो तो थेट दवाखान्यात.

डॉक्टर चहाला घरी गेले होते. नानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला खल बाजूला ठेवला. मार्क आलेले नव्हते, तेव्हा निदानही नव्हतं. मी कसंबसं सगळं सांगितलं.

"ओरडून सांगू का त्याला?" नाना म्हणाले. "मेनरोडवर? छे."

तेवढ्यात दादाच परात घेऊन दारात. "नाना, तोंड उघडा! पोरगं पास झालं!"

नानांनी चिमूटभर साखर घेतली, पण तोंडात टाकली नाही. दादांना बाकावर बसवलं, दार लोटलं, डॉक्टरांची छाती तपासायची नळी खुंटीवरून काढली आणि तिची टोकं दादांच्या कानात घातली.

"आता हे काय? छाती माझी, अन् नळीबी माझ्याच कानात?"

नानांनी नळीचं दुसरं टोक तोंडाजवळ धरलं. देवघरात बोलावं तसे ते हळू बोलले, "सखाराम, दत्तू पास नाही झाला. तो 'नापास' म्हणाला होता. त्यातला 'ना' तुझ्या हातोड्यानं खाल्ला."

"नापास?" दादा एवढ्यानं ओरडले की समोरचा टांग्याचा घोडा बिचकला. "अन् मी साखर वाटून आलो!"

"साखर गोडच लागली सगळ्यांना. ती काही नापास होत नाही."

परात दादांच्या मांडीवर तशीच होती. आता हे नळी काढून फेकतील आणि मला शेटजींकडे नेतील, असं मला वाटलं. पण त्यांनी नळी काढली नाही. ते नानांकडे नवलानं बघत राहिले.

"नाना, तुमचा आवाज असा आहे होय? इतकी वर्षं शेजारी राहतो. आज ऐकला."

मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "त्याला द्या. त्याला बोलू द्या ह्यात."

मी ते थंडगार टोक तोंडाशी धरलं. "दादा, पुन्हा बसू का परीक्षेला?"

"बस की! घाबरतो कशाला? शेटजीला मी सांगतो. मला तसंही त्याचं ऐकू येत नाही."

एवढं बोलून ते परात घेऊन गेले. उरलेली साखर त्यांनी मारुतीपुढे ठेवली, असं मागाहून कळलं.

मी डोळे पुसत होतो. नाना फडक्यानं नळी पुसत होते.

"माझ्या वडिलांचे कान शाबूत होते, दत्तू," ते म्हणाले. "पण मी नाही सांगितलं. मॅट्रिकला राहिलो अन् गावी सिन्नरकडे कळवलं, पास झालो. मग दवाखान्यात लागलो, तर कळवलं, डॉक्टरी शिकतोय. वडील गावभर सांगायचे, पोरगा नाशकात डॉक्टर आहे. शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा दुसऱ्या कोणाचं औषध घेईनात. म्हणाले, माझा रंगू येईल, तोच देईल."

"मग?"

"मी गेलो नाही."

त्यांनी नळी खुंटीला लावली आणि पुन्हा खल ओढून घेतला.

पुढच्या वर्षी मी मॅट्रिक झालो, त्यानंतर चार वर्षांनी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे मी कोणापुढेही सांगतो. त्याआधी एकदा नापास झालो होतो, हेही सांगतो.