रोज साडेबाराला जाणारे कॅमेरे

ज्या माणसानं बत्तीस वर्षं बाभुळगाव तालुक्याचे टेलिफोन जोडले, त्याला घरातले तीन डबे जोडायला कितीसा वेळ लागणार? "अर्धा तास!" मी मंदारला फोनवर ठणकावून सांगितलं. "अन् त्यातच चहाही पिऊन होईन माझा!"

मंदार माझा मुलगा, पुण्याला असतो. त्यानं दोन कॅमेरे आणि वायफायचे तीन डबे पाठवले होते. डबे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचे; ते एकमेकांशी बोलतात आणि घरभर वायफाय पसरवतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर आमच्या लेकीला, आभाला मुलगी झाली, म्हणून बायको सुचित्रा पुण्याला गेली आणि मी इथे एकटा. त्यात होळीला मी न्हाणीत घसरलो होतो. मंदारनं अटच घातली: आठ दिवस कॅमेरे नीट चालले तर बाबांनी गावी राहावं, नाहीतर रविवारी तो गाडी घेऊन येणार आणि मला उचलून नेणार!

मला पुण्याला जायचं नव्हतं! नातीला बघायला दोन दिवस जाईन, पण दोन महिने? अकराव्या मजल्यावर? तिथे लिफ्टमध्ये माणसं एकमेकांशी न बोलता दाराकडे तोंड करून उभी राहतात. इथे मला दूध आणायला तास लागतो, कारण वाटेत सगळ्यांशी बोलावं लागतं.

तर डबे जोडले. अर्ध्या तासाचे चार तास झाले, ते सोडा! डबे दोन प्रकारच्या लहरी सोडतात आणि कॅमेऱ्यांना त्यातली एकच कळते, हे शोधण्यातच तीन तास गेले. दुसरी लहर बंद केली आणि कॅमेरे लागले. एक ओसरीत, एक बैठकीत. लागल्या लागल्या बैठकीतल्या कॅमेऱ्यातून सुचित्राचा आवाज आला, "अहो, टीव्हीवर धूळ केवढी साचली!"

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला दोन्ही कॅमेरे गेले. साडेचारला आपोआप आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही!

खरं सांगतो, पुण्याचा धाक होताच, पण त्याहून जास्त मला कुतूहलानं पोखरलं. साडेबाराच का? मी वही काढली. पासवर्ड बदलला: गेले. डबे बंद करून चालू केले: गेले. पाचव्या दिवशी तर मी पाळतच ठेवली. सव्वाबाराला जेवलो, तोवर बैठकीतल्या डब्याचा दिवा निळा. कूलरमध्ये पाणी भरलं, तोवर निळा. कूलर ढकलत मागच्या खोलीच्या दारात लावला, पलंगावर बसलो आणि कूलरवरून मान उंच करून पाहिलं, तर दिवा लाल! एवढ्यात कोण येऊन गेलं?

संध्याकाळी शेजारच्या लालसिंग राठोडला विचारलं. तो निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्यानं डब्यावर हात ठेवला आणि मान डोलावली.

"भाऊ, इंजिन गरम होऊन राह्यलं! पंचेचाळीस डिग्री हाय बाहीर. माही गाडी बी घाटात दुपारीच बंद पडे."

"मंग करायचं काय?"

"आपण माठाले काय करतो?"

पटलं! शनिवारी दुपारी मी पंचा ओला करून पिळला. पण विजेची वस्तू, शॉक लागला तर? म्हणून बैठकीतल्या डब्यावर आधी जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं उपडं घातलं आणि त्यावर ओला पंचा पसरला. डबा कोरडा, वरून थंडावा! स्वतःवरच खूश होऊन मी लालसिंगच्या बायकोनं, सुखीबाईंनी पाठवलेला आमरस तीन वाट्या प्यालो, कूलर दारात लावला आणि आडवा झालो.

जाग आली तेव्हा दारातला कूलर आपोआप सरकत होता! मागून लालसिंगचं डोकं निघालं. हातात काठी, सदरा खांद्यावर फाटलेला. त्याच्यामागे डोळ्याला पदर लावलेल्या सुखीबाई आणि त्यांच्यामागे अर्धी गल्ली.

"जित्ते हाय! भाऊ जित्ते हाय!" लालसिंग ओरडला.

"काहून? काय झालं?"

"साडेपाच वाजले ना भाऊ! तुमचे कॅमेरे बंद, मंदारनं अकरा फोन केले, तुम्ही उचलून नाही राह्यले! त्यानं मले फोन केला. तुमच्या फाटकाले कुलूप, मी भिताडावरून आलो, अन् ओसरीतल्या किल्लीनं बाकीच्याईले फाटक खोललं!"

मी धडपडत बैठकीत आलो. तेवढ्यात सुखीबाईंना पातेलं दिसलं. "भाजी कायले इथं झाकून ठेवली, भाऊ?" म्हणत त्यांनी ते उचललं. डब्याचा दिवा निळा झाला आणि वरून आवाज कडाडला, "अहो! आधी पायजमा घाला! बायामाणसं हायेत घरात!"

मी खाली पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी! पुण्यातल्या आभाच्या सासरमाहेरासकट अर्ध्या गल्लीनं पाहिली!

पायजमा चढवून आलो तर घामानं निथळत होतो. लालसिंगला दया आली. "हवा घ्या जराशी," म्हणून त्यानं कूलर परत दारात लोटला. सुचित्रा बोलता बोलता बंद! दिवा लाल! त्यानं कूलर ओढला. सुचित्रा चालू! लोटला, बंद!

"भाऊ, कूलर मधात आला की वैनी बंद!" लालसिंग हरखून म्हणाला आणि खात्री करायला त्यानं ते आणखी चारदा केलं.

मला घाम फुटला तो आता. मुख्य डबा मागच्या खोलीत, दुसरा बैठकीत, तिसरा त्याच्या पुढे ओसरीत; आणि पहिल्या दोघांच्या बोलण्यात मी रोज साडेबाराला लहरी अडवणारा, पाण्यानं भरलेला पत्र्याचा कूलर उभा करत होतो आणि साडेचारला उठून बाजूला ढकलत होतो. वरून पातेलं! अहो, बत्तीस वर्षं मी तारांचं काम केलं. बिनतारी माझ्याकडे नव्हतंच!

"मंदार, उद्या किती वाजता येतो?" मी कॅमेऱ्याकडे पाहत विचारलं.

मग मंदार म्हणाला, "बाबा, तुम्ही तिकडंच राहा. मी इथून अकरा फोन करून काही करू शकलो नाही. लालसिंगकाकांना एक केला, तर पाच मिनिटांत भिंतीवरून आले. काढून टाका ते कॅमेरे."

जिंकलो! सुचित्रानं फक्त एवढंच ठरवून दिलं की रोज दुपारी लालसिंगनं येऊन माझ्यावर लक्ष ठेवायचं. तो अगदी वेळेवर येतो. पण एवढ्या उन्हात बसून पहारा देणं त्याला जमत नाही, म्हणून कूलरसमोर माझ्या पलंगावर तो घोरत पडतो. आणि मी बैठकीत हातपंखा हलवत त्याच्यावर लक्ष ठेवतो.